कवचबद्ध सूक्ष्म बुडबुडे : श्राव्यातीत चित्रणातील उठावद्रव्ये आणि त्यांची मराठी परिभाषा

१. प्रास्ताविक

वैद्यकातील नवी साधने खेड्यापाड्यांतून पोहोचतात, तेव्हा त्यांच्यासमवेत त्यांची नावेही पोहोचतात. किंबहुना पुष्कळदा साधनाच्या अगोदर नावच येऊन ठेपते. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सुलतानपूर हे गाव घेतले, तर तेथील कोणत्याही घरी ‘सोनोग्राफी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. परंतु ह्याच गावातील एखादा रुग्ण यकृतातील गाठीच्या निदानासाठी मोठ्या शहरातील इस्पितळात गेला आणि तेथे त्याला ‘साध्या सोनोग्राफीत स्पष्ट दिसत नाही, कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा पाहू’ असे सांगण्यात आले, म्हणजे भाषेचा खरा प्रश्न उपस्थित होतो. शिरेतून आपल्याला काय टोचणार आहेत, हे त्याला विचारावयाचे असते. उत्तरादाखल ‘रंगाचे इंजेक्शन’, ‘डाय’ किंवा ‘बुडबुड्यांचे औषध’ ह्यांपैकी एखादा शब्द त्याच्या कानी पडण्याचा संभव असतो. ह्यांपैकी पहिला शब्द चुकीचा आहे. दुसरा परका असून शिवाय चुकीचाही आहे. आणि तिसरा खरा असला तरी भीती उत्पन्न करणारा आहे, कारण शिरेत हवा गेली तर माणूस दगावतो, हे आपल्याकडे सर्वांनीच ऐकलेले असते.

रुग्णाची संमती ही केवळ कागदावरील सही नव्हे. कशाला संमती द्यावयाची हे ज्याला कळलेले नाही, त्याच्या संमतीला अर्थ नाही. म्हणून हे द्रव्य म्हणजे नेमके काय, ते कोणत्या तत्त्वावर कार्य करते, आणि मराठीत त्यास काय म्हणावे, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयास हात घालावा हे प्रथमदर्शनी काहीसे विचित्र वाटेल. परंतु नावांचा विचार हे तर त्याचे कामच होय. आणि शिवाय हे यंत्रही त्याच्या परिचयाचे आहे, ते कसे हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

२. जिभेचे चित्र आणि हवेची सीमा

मनुष्याच्या कानास साधारणतः सेकंदास वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडील ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी असे म्हणतात. वैद्यकीय चित्रणात सामान्यतः दोन ते पंधरा मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास वीस लक्ष ते दीड कोटी कंपने, एवढ्या वारंवारतेचे तरंग वापरतात. शरीराच्या मऊ ऊतकांत हा ध्वनी सेकंदास सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. वाटेत दोन भिन्न पदार्थांची सीमा लागली की त्याचा काही अंश परत फिरतो. तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून सीमेची खोली आणि त्याच्या जोरावरून चित्रातील उजळपणा ठरतो.

स्वनविज्ञानाच्या प्रयोगशाळांतून ह्याच यंत्राने बोलताना होणारी जिभेची हालचाल पाहतात. संवेदक हनुवटीखाली धरला म्हणजे तरंग जिभेच्या स्नायूंतून वर चढतात आणि जिभेच्या पाठीवरील हवेला भिडताच जवळजवळ संपूर्णपणे परत फिरतात. त्यामुळे काळसर पार्श्वभूमीवर जिभेची पाठ एका लखलखीत रेषेसारखी उमटते. ‘ल’ उच्चारताना ह्या रेषेचा आकार एक असतो, आणि मूर्धन्य ‘ळ’ उच्चारताना जीभ मागे वळत असल्यामुळे तो निराळा होतो. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ होतो, तेव्हा जीभ वळण्याऐवजी तिचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. हा फरकही अशा चित्रात पाहता येण्याजोगा आहे.

येथे आपणांस अवश्य असलेली गोष्ट एवढीच की, ही रेषा एवढी तेजस्वी दिसते ती जिभेमुळे नव्हे, तर जिभेला लागून असलेल्या हवेमुळे. ध्वनितरंगास पदार्थाकडून होणारा अवरोध ऊतकांच्या बाबतीत हवेच्या सुमारे चार हजार पट असतो. ह्या प्रचंड तफावतीमुळे अशा सीमेवर पडलेल्या ध्वनिऊर्जेपैकी नव्याण्णव टक्क्यांहून अधिक ऊर्जा परत येते. शरीरातील एका ऊतकापासून दुसऱ्या ऊतकापर्यंतची तफावत मात्र अल्प असते आणि तेथून येणारा प्रतिध्वनीही क्षीण असतो. वायू हा श्राव्यातीत ध्वनीचा आरसा होय, हे सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व विवेचन सुगम होईल.

३. रक्त काळे का दिसते?

साध्या सोनोग्राफीत हृदयाच्या पोकळ्या आणि रक्तवाहिन्या काळ्या दिसतात. रक्तात तांबड्या पेशी असंख्य असल्या, तरी त्यांतील प्रत्येकीचा व्यास जेमतेम सात-आठ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सातआठ सहस्रांश असतो. उलट तीन मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर भरते. इतक्या लांब तरंगाच्या वाटेत इतका लहान कण आला, तर त्याच्याकडून विखुरणारा ध्वनी अत्यल्प असतो. त्यातून पेशीची घनता व दाबक्षमता भोवतालच्या द्रवाशी बरीच मिळतीजुळती असते. परिणामी रक्त जणू मुके राहते.

मोठ्या वाहिन्यांतील प्रवाह डॉपलर पद्धतीने ओळखता येतो, हे खरे. परंतु यकृतातील एखाद्या गाठीत केशवाहिन्यांचे जाळे कसे पसरले आहे, तिच्यात रक्त कधी शिरते व कधी ओसरते, हे त्या पद्धतीस नीटसे गवसत नाही, कारण केशवाहिन्यांतील रक्त अतिशय मंद गतीने वाहते. पुष्कळदा रोगाचे स्वरूप नेमके ह्याच गोष्टींवरून ठरवावयाचे असते. म्हणून मुक्या रक्ताला आवाज देण्याची युक्ती हवी होती.

४. रंगातून निघालेला बुडबुडा

ही युक्ती हेतुपूर्वक शोधलेली नसून ती योगायोगाने हाती आली. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील रेमंड ग्रॅमिआक आणि प्रवीण शहा ह्या दोघांनी १९६८ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केले. हृदयात नळी घालून इंडोसायनिन ग्रीन नावाचे हिरवे रंगद्रव्य सोडले असता, महारोहिणीच्या मुळाशी प्रतिध्वनींचा एक दाट ढग उमटत असे. हा रंगाचाच प्रभाव असावा असे कोणासही वाटले असते. परंतु रंगविरहित क्षारजल जोराने टोचले तरीही तसाच ढग दिसू लागला. तेव्हा ह्या प्रभावाचा रंगाशी काहीएक संबंध नसून, द्रव टोचताना त्यात मिसळणारे किंवा उत्पन्न होणारे वायूचे बारीक बुडबुडेच तो ढग निर्माण करतात, असा निष्कर्ष निघाला.

परिभाषेच्या दृष्टीने ही हकीकत फार उद्बोधक आहे. क्ष-किरणांच्या तपासणीत पूर्वापार आयोडीनयुक्त द्रव्ये वापरली जात आणि त्यांस बोलण्यात ‘डाय’ म्हणत. तीही वस्तुतः रंगवीत नाहीत, तर किरण शोषून घेतात. श्राव्यातीत चित्रणात योगायोगाने आरंभ खऱ्याखुऱ्या रंगद्रव्याने झाला, पण पहिल्याच निष्कर्षाने रंगाला बाद ठरविले. ज्या शब्दाला शास्त्राने त्याच वेळी रजा दिली, तो शब्द इस्पितळाच्या बोलीत अजून चिकटून राहावा, हे ठीक नव्हे.

क्षारजल ढवळून त्यात बुडबुडे उत्पन्न करण्याची साधी रीत आजही उपयोगात आहे. असे बुडबुडे फुप्फुसांच्या केशवाहिन्यांपलीकडे जात नाहीत. ते तेथेच अडतात व विरून जातात. म्हणून ते टोचल्यावर काही क्षणांतच हृदयाच्या डाव्या बाजूस दिसू लागले, तर उजव्या व डाव्या कप्प्यांमधील पडद्यास कोठेतरी छिद्र असावे असे अनुमान करता येते. परंतु जेव्हा डावे हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड ह्यांचे चित्र हवे असेल, तेव्हा फुप्फुसे ओलांडून सुखरूप पुढे जाणारा बुडबुडाच लागतो.

५. बुडबुड्याचा स्वर

संस्कृतातील ‘बुद्बुद’ आणि मराठीतील ‘बुडबुडा’ हे दोन्ही शब्द ध्वन्यनुकरणात्मक आहेत. घागर पाण्यात बुडविली म्हणजे जो ‘बुडबुड’ आवाज होतो, तोच ह्या वस्तूचे नाव झाला. भाषेने येथे वस्तूचा आकार किंवा रंग न घेता तिचा आवाज घेतला, आणि पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही ही निवड अचूक ठरली. कारण बुडबुडा हे खरोखरच एक वाद्य आहे.

पाण्यात वस्तू पडल्याने होणाऱ्या आवाजांचा अभ्यास चंद्रशेखर वेंकट रामन आणि आशुतोष डे ह्यांनी १९२० साली प्रसिद्ध केला होता. पुढे १९३३ साली मार्सेल मिनार्त ह्या शास्त्रज्ञाने पाण्यातील हवेच्या बुडबुड्याच्या स्वराचे गणित मांडले. त्याची कल्पना अशी. बुडबुड्यातील हवा ही स्प्रिंगसारखी आहे आणि त्याच्या भोवतालचे पाणी हे त्या स्प्रिंगला जोडलेले वजन आहे. बुडबुडा किंचित दाबला गेला की तो पुन्हा फुगतो, जडत्वामुळे प्रमाणाबाहेर फुगतो, मग पुन्हा आकुंचन पावतो. आणि अशा रीतीने तो एका ठरावीक वारंवारतेने कंप पावतो. ही वारंवारता त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदास सुमारे ३,३०० कंपने करतो. म्हणूनच घागरीचा आवाज आपल्या कानांना ऐकू येतो.

आता हेच गणित दोन मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यास लावून पाहावे. उत्तर सुमारे १६ लक्ष कंपने, म्हणजे १.६ मेगाहर्ट्झ, असे येते. पृष्ठताण आणि कवचाचा ताठरपणा हिशेबात धरला तर ते आणखी वाढते. म्हणजे केशवाहिनीतून सहज निसटून जाण्याइतका लहान बुडबुडा नेमका त्याच पट्टीत गातो, ज्या पट्टीत सोनोग्राफीचे यंत्र बोलते. शरीराची रचना आणि यंत्राची वारंवारता ह्या दोन सर्वस्वी स्वतंत्र गोष्टी अशा जुळून आल्या नसत्या, तर ह्या तंत्राचा पायाच घातला गेला नसता. सुरात लागलेल्या तंबोऱ्याची तार शेजारच्या स्वराने आपोआप झंकारते, तसा हा बुडबुडा यंत्राच्या तरंगाने झंकारतो, आणि त्याचा प्रतिध्वनी तेवढ्याच आकारमानाच्या रक्तपेशीच्या मानाने कित्येक पटींनी बलवान असतो. ह्याचे मूळ पुन्हा वायूच्या दाबक्षमतेत आहे. ती पाण्याच्या सुमारे पंधरा हजार पट असते.

६. कवच कशासाठी?

क्षणभंगुर वस्तूला आपण ‘पाण्यावरचा बुडबुडा’ म्हणतो, ते उगाच नव्हे. बुडबुडा जितका लहान तितके त्याचे आयुष्य कमी. पृष्ठताणामुळे बुडबुड्याच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा अधिक असतो, आणि ही वाढ त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. दीड मायक्रॉन त्रिज्येच्या बुडबुड्यात ती जवळजवळ एका वातावरणाच्या दाबाइतकी भरते. असा दाबलेला वायू भोवतालच्या द्रवात झपाट्याने विरघळतो, आणि उघडा बुडबुडा सेकंदाच्याही अल्पांशात नाहीसा होतो. टोचलेल्या शिरेपासून यकृतापर्यंतचा प्रवास करण्यास त्याला सवडच मिळत नाही.

ह्यावर दोन उपाय योजिले गेले. पहिला उपाय कवचाचा. मानवी रक्तातील अल्ब्युमिन ह्या प्रथिनाच्या द्रावणावर तीव्र श्राव्यातीत ध्वनी सोडून त्या प्रथिनाचेच कवच असलेले हवेचे बुडबुडे तयार करण्यात आले. ह्या जातीच्या ‘अल्ब्युनेक्स’ ह्या द्रव्यास अमेरिकेत १९९४ साली मान्यता मिळाली. दुसरा उपाय वायू बदलण्याचा. साधी हवा रक्तात लवकर विरघळते, म्हणून तिच्याऐवजी जड व रक्तात अत्यल्प विरघळणारे वायू वापरण्यात येऊ लागले. २००१ साली युरोपात मान्यता मिळालेल्या ‘सोनोव्ह्यू’मध्ये सल्फर हेक्झाफ्लुओराइड हा वायू असून त्याभोवती फॉस्फोलिपिडांचे, म्हणजे पेशीच्या पटलात असतात तशा स्निग्ध पदार्थांचे, कवच असते. त्याच वर्षी अमेरिकेत मान्य झालेल्या ‘डेफिनिटी’मध्ये ऑक्टाफ्लुओरोप्रोपेन हा वायू आहे.

हे कवच अवघे काही नॅनोमीटर जाडीचे असते. परंतु ते एकाच वेळी तीन कामे करते. ते पृष्ठताण कमी करते, वायूला बाहेर पडण्यास अडथळा करते, आणि बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होण्यास प्रतिबंध करते. त्याची किंमतही मोजावी लागते: कवच जितके ताठर, तितकी बुडबुड्याची हालचाल आखडते आणि त्याचा स्वर उंचावतो व दबतो. म्हणून टिकाऊपणा आणि लवचिकपणा ह्यांचा मेळ घालणारे कवच घडविणे, हा ह्या क्षेत्रातील संशोधनाचा एक मुख्य विषय आहे. आजचे कवचबद्ध बुडबुडे रक्तात काही मिनिटे टिकतात, आणि एका तपासणीस तेवढा अवधी पुरतो.

७. यंत्र बुडबुडा ओळखते कसे?

प्रतिध्वनी बलवान असला, तरी भोवतालच्या ऊतकांच्या प्रतिध्वनींतून तो निराळा काढावयास हवा. येथे बुडबुड्याचा एक स्वभावविशेष कामी येतो. त्याला दाबून लहान करण्यास मर्यादा आहे, परंतु फुगण्यास त्या मानाने अधिक वाव आहे. त्यामुळे त्याचे आकुंचन व प्रसरण सारखे होत नाही. अशा विषम कंपनातून मूळ स्वराबरोबरच त्याच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे उपस्वरही उमटतात. मनुष्याच्या कंठातील स्वरतंतूंची कंपनेही अशीच उपस्वरयुक्त असतात, आणि त्याच सामग्रीतून मुखविवर ‘अ’, ‘इ’, ‘उ’ घडवते, हे स्वनविज्ञानाच्या वाचकास सांगावयास नको.

ह्याचा लाभ यंत्र पुढीलप्रमाणे घेते. ते एक तरंग सोडते व लगेच त्याच्या नेमका उलटा दुसरा तरंग सोडते, आणि दोहोंच्या प्रतिध्वनींची बेरीज करते. मऊ ऊतके बहुतांशी आज्ञाधारक असतात; त्यांच्याकडून आलेले दोन प्रतिध्वनी परस्परांस छेदून टाकतात आणि बाकी शून्याच्या जवळ येते. बुडबुडा मात्र दाबास व ताणास निरनिराळा प्रतिसाद देत असल्याने त्याची बेरीज शून्य होत नाही. अशा रीतीने चित्रात केवळ बुडबुडे, म्हणजेच केवळ रक्त उरते.

ह्यासाठी ध्वनीचा जोर बेताचा ठेवावा लागतो. जोर वाढविला तर कवचे फुटतात व बुडबुडे विरून जातात. क्वचित हेही मुद्दाम करतात: एखाद्या भागातील सर्व बुडबुडे फोडून टाकावयाचे, आणि ताज्या रक्ताबरोबर नवे बुडबुडे तेथे किती वेळात भरतात ते पाहावयाचे. त्यावरून त्या भागाच्या रक्तपुरवठ्याची गती अजमावता येते.

८. उपयोग, आणि मूत्रपिंडाचा प्रश्न

यकृतास रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीनचतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या प्रतिहारी शिरेतून, आणि उरलेले यकृत-रोहिणीतून. यकृताचा कर्करोग मुख्यत्वे रोहिणीच्या रक्तावर पोसतो. म्हणून बुडबुडे टोचल्यानंतर पहिल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात अशी गाठ भोवतालापेक्षा उजळ दिसते, आणि पुढे यकृत उजळलेले असताना ती फिकी पडत जाते. रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ मात्र बहुधा कडेकडून हळूहळू भरत येते व उजळ राहते. हा क्रम डोळ्यांसमोर प्रत्यक्ष घडताना पाहता येणे, हे ह्या तपासणीचे वैशिष्ट्य होय. बुडबुडे रक्तवाहिन्यांबाहेर पाझरत नसल्याने ह्या निरीक्षणात निश्चितता येते. अमेरिकेत यकृतातील गाठींच्या तपासणीसाठी अशा द्रव्यास २०१६ साली मान्यता मिळाली. ह्याखेरीज डाव्या जवनिकेची कड स्पष्ट दिसत नसेल तेव्हा हृदयाच्या तपासणीत, तसेच मुलांमध्ये मूत्र उलट मूत्रपिंडाकडे चढते की काय हे पाहण्यासाठी, ह्या द्रव्यांचा उपयोग होतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एका गोष्टीचा विशेष विचार केला पाहिजे. जिल्ह्याच्या दक्षिणेस सुलतानपूर-लोणारचा पठारी भाग, तर उत्तरेस पूर्णा नदीचे खोरे. त्या खोऱ्यातील शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद ह्या तालुक्यांतील बरीच गावे खारपाणपट्ट्यात मोडतात, आणि तेथील मूत्रपिंडविकारांची तक्रार गेली अनेक वर्षे मांडली जात आहे. ज्याची मूत्रपिंडे फार क्षीण झाली आहेत, त्याला सीटी तपासणीतील आयोडीनयुक्त द्रव्य देताना वैद्यास सावध राहावे लागते, कारण ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. एमआरआयमधील काही गॅडोलिनियमयुक्त द्रव्यांच्या बाबतीतही तसेच आहे. सूक्ष्म बुडबुड्यांतील वायू मात्र श्वासावाटे बाहेर जातो. सल्फर हेक्झाफ्लुओराइडपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग दोन मिनिटांत आणि जवळजवळ सर्व भाग पंधरा मिनिटांत उच्छ्वासातून निघून जातो. मूत्रपिंडावर त्याचा भार पडत नाही. सीटी किंवा एमआरआय ह्यांची जागा ही तपासणी सर्वत्र घेऊ शकते असे नव्हे. परंतु अशा रुग्णास ‘डाय नको, किडनी खराब आहे’ असे म्हणून भलत्याच तपासणीस नकार देण्याची पाळी चुकीच्या नावामुळे येऊ नये.

ह्या विषयाचे संशोधन महाराष्ट्रातही चालू आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील रिंती बॅनर्जी ह्यांच्या संशोधनगटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या कार्यात बुडबुड्यांहूनही सूक्ष्म असे नॅनोबुडबुडे औषधवाहक लिपोसोमांशी जोडले होते. चित्रण करावयाचे, आणि त्याच ध्वनीने अर्बुदाजवळ औषधही मोकळे करावयाचे, असा त्यातील दुहेरी हेतू होता. हे काम प्रयोगशाळेच्या पातळीवरील आहे, परंतु त्यावरून विषयाची दिशा कळून येते.

९. भीती आणि धोका

शिरेत हवा जाण्याची भीती निराधार नाही. मोठ्या प्रमाणात मोकळी हवा एकदम हृदयात शिरली तर ती रक्ताची वाट अडवते व प्राणावर बेतते. परंतु येथे दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली आकाराची. प्रत्येक बुडबुडा सरासरी अडीच मायक्रॉन व्यासाचा, म्हणजे तांबड्या पेशीहूनही लहान असतो; ज्या वाटेने पेशी जाते त्या वाटेने तोही जातो. दुसरी परिमाणाची. सोनोव्ह्यूच्या एका मिलिलिटरात दहा ते पन्नास कोटी बुडबुडे असले, तरी त्यांतील वायू सुमारे आठ मायक्रोलिटर एवढाच असतो. सामान्य मात्रा दोन ते अडीच मिलिलिटर धरली, तर एकूण वायू पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी भरतो.

तथापि हे द्रव्य सर्वस्वी निर्धोक आहे असे म्हणणे हेही रुग्णाची दिशाभूल करणेच होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ च्या ऑक्टोबरात काही मृत्यूंच्या नोंदींनंतर ह्या द्रव्यांच्या वेष्टनावर ठळक इशारा छापण्यास सांगितले. अधिक माहिती हाती आल्यावर २००८ साली त्यातील निर्बंध सैल करण्यात आले, पण इशारा पूर्णतः काढून टाकला नाही. तीव्र स्वरूपाची असात्म्य प्रतिक्रिया दहा हजारांत सुमारे एकास किंवा त्याहूनही कमी जणांस होते. अशी प्रतिक्रिया आली तर ती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात येते. म्हणून द्रव्यातील एखाद्या घटकाचे पूर्वी वावडे आढळले असल्यास रुग्णाने ते वैद्यास सांगितले पाहिजे, आणि तपासणीनंतर थोडा वेळ इस्पितळातच थांबले पाहिजे.

१०. नावाचा विचार

आता नावाकडे वळू. मराठीत ‘सोनोग्राफी’ हा शब्द व्यवहारात प्रायः पोटाच्या, त्यातही गर्भाच्या तपासणीपुरता आकुंचित झाला आहे. हृदयाच्या त्याच प्रकारच्या तपासणीस लोक ‘टू-डी एको’ म्हणतात, आणि ह्या दोहोंत एकच तत्त्व आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली केलेला कायदा आणि त्यानंतरचा १९९४ चा केंद्रीय कायदा ह्यांच्यामुळे ह्या शब्दाभोवती संशयाचे एक वलयही निर्माण झाले आहे. लोकांच्या तोंडी बसलेला हा शब्द बदलण्याचा आग्रह धरू नये. परंतु जी संज्ञा अद्याप रुळावयाची आहे, ती तरी विचारपूर्वक निवडावी.

इंग्रजीतील ‘कॉन्ट्रास्ट’ ह्या शब्दासाठी ‘विरोधी द्रव्य’ किंवा ‘विरोधद्रव्य’ असा शब्द योजला, तर ते औषध कशास तरी विरोध करते असा भास होतो. ‘रंगद्रव्य’ हा शब्द तर वर दाखविल्याप्रमाणे सरळच अयथार्थ आहे. मराठीत चित्रकाराच्या व रांगोळी काढणाऱ्या गृहिणीच्याही तोंडी एक नेटका वाक्प्रचार आहे: ‘उठाव देणे’. गडद पार्श्वभूमीमुळे फिकट रेषेला उठाव येतो. जे द्रव्य चित्रातील एखाद्या भागास उठाव देते, ते ‘उठावद्रव्य’ होय. ‘उठाव’ ह्याचा बंड असाही अर्थ असला, तरी ‘द्रव्य’ ह्या उत्तरपदामुळे घोटाळ्यास जागा उरत नाही. ह्या एका शब्दात क्ष-किरणांचे, एमआरआयचे व श्राव्यातीत चित्रणाचे असे तिन्ही प्रकार सामावतात.

ग्रांथिक लेखनात ‘आवेष्टित सूक्ष्मबुद्बुद’ असा समास करता येईल. परंतु तो रुग्णास सांगण्याच्या उपयोगाचा नाही. ‘कवचबद्ध सूक्ष्म बुडबुडे’ ही संज्ञा मला अधिक इष्ट वाटते. ‘बुडबुडे’ ह्या पदाने वायू आहे हे सांगितले, ‘सूक्ष्म’ ह्या पदाने तो वाट अडविण्याइतका मोठा नाही हे सांगितले, आणि ‘कवचबद्ध’ ह्या पदाने तो मोकळी हवा नव्हे हेही सांगितले. भीती ज्या तीन गोष्टींवरून उत्पन्न होते, त्या तिहींचे उत्तर नावातच आले. कवच, बांधणे, बुडबुडा हे सर्व शब्द निरक्षर माणसाच्याही ओळखीचे आहेत.

पण केवळ नावाने भागणार नाही. वैद्याने वा परिचारिकेने दोन वाक्ये तरी बोलली पाहिजेत. ती वऱ्हाडी रुग्णास कळतील अशी साधी असावीत: ‘बाबाजी, शिरेतून रक्तापेक्षाही बारीक, कवचात बांधलेले बुडबुडे सोडणार आहोत, त्यांच्यावरून आवाज परत येतो आणि रक्त कुठे कुठे जाते ते पडद्यावर दिसते. ते थोड्या वेळात विरतात आणि त्यातला वायू श्वासातून निघून जातो; कोणाकोणाला क्वचित त्याचा त्रास होतो, म्हणून अर्धा तास इथेच बसा, आणि आधी कोणत्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली असेल तर आत्ताच सांगा.’ ह्यात एकही पारिभाषिक शब्द नाही, आणि तरीही शास्त्राचा कोणताही मुख्य भाग गाळलेला नाही. परिभाषा आणि बोली ह्यांचे काम भिन्न असले तरी त्यांनी परस्परांस खोटे पाडता कामा नये. उठावद्रव्याची निवड वैद्याने करावयाची आहे. त्यास होकार किंवा नकार देण्याचा अधिकार मात्र रुग्णाचा आहे, आणि तो त्यास बजावता येईल अशी भाषा त्याच्या हाती देणे हे मराठीच्या अभ्यासकांचे व वैद्यांचे समाईक कर्तव्य होय.